प्रवाळांची लावणी म्हणजे काय?

प्रवाळ म्हणजे वनस्पती नव्हे किंवा निर्जीव खडकही नव्हे. ती चुनखडीचा सांगाडा बांधणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. अमेरिकेतील फ्लोरिडा कीज बेटांजवळ स्टॅगहॉर्न प्रवाळाचे तुकडे समुद्रातील रोपवाटिकेत वाढवून उजाड प्रवाळभित्तीवर (प्रवाळांच्या सांगाड्यांनी बनलेल्या खडकावर) चिकटवतात. तरव्यातली भाताची रोपे खाचरात लावावीत, तसेच हे काम. मात्र लावणी झाली की भित्ती वाचली, असे होत नाही. पावसाने दडी मारली तर लावलेला भातही करपतो. २०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडा कीजजवळचा समुद्र तापला आणि तिथे मोठे विरंजन (पोषक शैवाल गमावून प्रवाळ पांढरे पडणे) झाले. रोपवाटिकांतील अनेक प्रवाळ जमिनीवरील टाक्यांत हलवावे लागले. लावणीमुळे संकटातील प्रजातींना तग धरायला वेळ मिळतो. तो वेळ सार्थकी लावायचा, तर तापमानवाढ रोखणे अत्यावश्यक आहे.