तीन सालेवा आणि बाहेरची वाट

टार्कोव्हमध्ये नव्याने आलेल्या माणसाला थेरपिस्टबाई सुरुवातीलाच एक काम सांगतात: सालेवा नावाच्या प्रथमोपचाराच्या तीन पिशव्या आणून द्यायच्या. कामाचं नाव ‘शॉर्टेज’, म्हणजे टंचाई. ऐकायला हे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणण्याइतकं सोपं. मला त्याला अकरा दिवस लागले.

‘एस्केप फ्रॉम टार्कोव्ह’ हा सेंट पीटर्सबर्गच्या बॅटलस्टेट गेम्स या कंपनीचा खेळ. जुलै २०१७ मध्ये त्याची बीटा आवृत्ती आली आणि १५ नोव्हेंबर २०२५ ला पहिली पूर्ण आवृत्ती. मधली आठ वर्षं तो घडत, मोडत, बदलत राहिला. कामांचे तपशीलही त्यात बदलले. इथे जे आकडे देतोय ते बीटाच्या काळातले, ज्यांच्यावर माझ्यासारख्यांची हाडं मोडली ते. टार्कोव्ह हे रशियाच्या वायव्येला कल्पिलेलं, वेढा पडलेलं शहर. तुम्ही एका खासगी लष्करी कंपनीचे शिपाई. आपली बंदूक, आपलं चिलखत, आपली पाठपिशवी घेऊन नकाशावर उतरायचं, मिळेल ते गोळा करायचं आणि ठरलेल्या वाटेने बाहेर पडायचं. अशा एका फेरीला सगळे रेड म्हणतात. मेलात तर अंगावरचं सगळं गेलं. विमा उतरवलेली वस्तू कुणी उचलली नसेल तर परत येते, पण चांगली वस्तू टाकून जाणारा भला माणूस टार्कोव्हमध्ये क्वचितच भेटतो.

पडद्याच्या कोपऱ्यात छोटा नकाशा नाही. आपण कुठे आहोत ते दाखवणारा ठिपका नाही. समोरचा शत्रू आहे की आपल्यातलाच, हे त्याच्या डोक्यावर लिहिलेलं नसतं. शरीराचे सात भाग आणि सगळे मिळून ४४० गुण. त्यात डोक्याला फक्त ३५, छातीला ८५. एक गोळी नीट बसली की पुढे बोलायला कुणी उरत नाही.

आता सालेवा. थेरपिस्ट म्हणजे एल्विरा खबिबुलिना, शहराच्या मध्यवर्ती रुग्णालयाच्या अपघात विभागाच्या प्रमुख. त्यांना पिशवी हवी ती ‘रेडमध्ये सापडलेली’. पहिल्याच दिवशी नवखा इथे फसतो. वस्तूच्या चित्राच्या कोपऱ्यात एक बारीकशी बरोबरची खूण असते. नकाशावर पडलेली, पेटीतून निघालेली किंवा स्कॅव्हच्या म्हणजे स्थानिक लुटारूच्या खिशातून काढलेली वस्तू घेऊन तुम्ही जिवंत बाहेर आलात, की ती खूण लागते. विकत घेतलेल्या वस्तूला ती नसते. गंमत म्हणजे पुढे ओळख वाढली की याच बाई तुम्हाला रोख पैशात सालेवा विकतात, आणि त्यांच्याकडूनच घेतलेली पिशवी त्यांनाच द्यायला गेलात तर घेत नाहीत.

प्रत्येक शिपायाला एक सुरक्षित डबी मिळते. साध्या आवृत्तीतली ‘अल्फा’ डबी चार चौकटींची, ‘गॅमा’ नऊची. डबीत ठेवलेली वस्तू मेल्यावरही जात नाही. सालेवा दोन चौकटी घेते, म्हणजे अल्फात दोन बसतात. पहिली सालेवा सापडल्यावर मी ती झटकन डबीत टाकली, पाच मिनिटांनी कुणीतरी मला झुडपातून गोळी घातली, आणि मी हसत मुख्य पडद्यावर आलो. पिशवी होती. खूण नव्हती. डबी वस्तू वाचवते, खूण वाचवत नाही. मेलेल्या माणसाला ती वस्तू सापडलीच नव्हती, असा खेळाचा हिशेब.

दुसरी बाजूही तितकीच कडक आहे. उतरल्या उतरल्या वस्तू उचलून पळत सुटलात आणि पहिल्या काही मिनिटांतच बाहेर पडलात, तर निकालात ‘सर्व्हाइव्हड’ऐवजी ‘रन थ्रू’ येतं आणि खूण पुसली जाते. बीटाचा बराच काळ ही मर्यादा सात मिनिटांची होती. त्याआधी निघायचं तर लढून-शोधून थोडेफार अनुभवगुण मिळवलेले असायला हवेत. हा नियम मला खेळातला सर्वांत शहाणा नियम वाटतो. पूर्वी नुसती कुऱ्हाड घेऊन उघड्या अंगाने पळणाऱ्यांचं पीक आलं होतं: मौल्यवान वस्तू उचलायची, डबीत कोंबायची, मग मेलो तर मेलो. कामांपुरता तरी त्या उद्योगाला यामुळे अर्थ उरला नाही. वेळ संपेपर्यंत आत रेंगाळलात तर तुम्ही ‘बेपत्ता’, आणि बेपत्ता माणसाचं सामान मेलेल्याइतकंच गेलेलं.

म्हणजे बाईंना खरं हवंय ते तुमचं परत येणं. सालेवा ही त्याची पावती.

हे कळल्यावर मी क्रम उलटा केला. आधी बाहेरची वाट ठरवायची, मग शोधायचं. कस्टम्स या नकाशावर तुम्ही ज्या टोकाला उतरता, त्याच्या विरुद्ध टोकाच्या वाटा तुम्हाला मिळतात. ‘ओ’ ही कळ दोनदा दाबली की उरलेला वेळ आणि आजच्या वाटांची नावं दिसतात. काही वाटांपुढे प्रश्नचिन्ह असतं, म्हणजे ती आज उघडी असेलच याची खात्री नाही. ही यादी बघायची सवय बंदूक चालवण्याच्या सवयीआधी लागायला हवी. वाटेवर पोचल्यावरही काही सेकंद तिथेच थांबावं लागतं, आकडा उलटा मोजला जातो, आणि नेमकी तीच जागा धरून बसलेला एखादा असतोच.

शोधायचं कुठे, हे पाठ करण्यापेक्षा समजून घेणं सोपं. इथे प्रत्येक पेटीची जात ठरलेली आहे आणि त्या जातीतून काय निघू शकतं हेही. औषधांच्या लाल पिशव्या आणि वैद्यकीय पेट्या यांतून सालेवा, मलमपट्टी, मॉर्फिन निघतं. अवजारांच्या पेटीतून स्क्रू, पकड, स्पार्क प्लग. लटकवलेल्या जॅकेटच्या खिशातून किल्ल्या. पेटी तीच, जागा तीच. आत काय निघेल ते दर रेडला नव्याने ठरतं. म्हणून सालेवा अमुक खोलीत आहे असं कुणी सांगितलं तर त्याला मान डोलवावी आणि औषधांच्या पिशव्या जास्तीत जास्त पदरात पडतील असा रस्ता आखावा. एका रेडमध्ये सहा पिशव्या उघडल्या तर तीन रेडमध्ये अठरा. हे गणित नशिबापेक्षा भरवशाचं. शोरलाइन या नकाशावरचं आरोग्यधाम औषधांनी भरलेलं आहे हे खरं, पण ते सगळ्यांनाच माहीत आहे. नवख्याने तिथे औषध आणायला जाणं म्हणजे स्वतःच रुग्ण होणं.

आणखी एक गोष्ट, जी लांबून बघणाऱ्याला कळत नाही. पेटी उघडली की सगळं एकदम दिसत नाही. एकेक चौकट चाचपडत उघडते, प्रत्येक वस्तूला क्षणभर लागतो, आधी कधी न पाहिलेली वस्तू असेल तर ती आधी ‘तपासावी’ लागते. या काळात तुम्ही वाकलेले, नजर पेटीत, आणि चाचपडण्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जाणारा. तेव्हा दार मागे नको, बाजूला हवं. उघडण्याआधी दहा सेकंद स्तब्ध उभं राहून पावलं ऐकायची. फुटक्या काचेवरचं पाऊल, पत्र्यावरचं पाऊल, लाकडी जिन्यावरचं पाऊल. प्रत्येकाचा आवाज वेगळा आणि खरा आहे. चांगले हेडफोन हे या खेळातलं पहिलं हत्यार, असं मी पैज लावून सांगेन.

आई माझ्या मागे खुर्चीत बसून स्वेटर विणायची. तीस वर्षं परिचारिका होती ती. एकदा म्हणाली, “काय रे, सारखी औषधंच शोधतोयस, आजारी कोण आहे?” मी म्हटलं, “कुणीच नाही. एका बाईंना द्यायची आहेत.” त्यावर तिने चष्म्यावरून जे पाहिलं ते पाहिलं.

सालेवांनंतर याच बाईंना गॅस अॅनालायझर हवा असतो, आधी एक आणि मग आणखी दोन. हा पिवळा डबा कैक लोकांच्या स्वप्नात येतो. तो तंत्रज्ञांच्या सामानात सापडतो, म्हणून पावलं इंटरचेंजकडे वळतात. हा एक भलामोठा बंद मॉल आहे. त्यातली तीन दुकानं म्हणजे आयडिया, ओली आणि गोशान. आयकिया, ओबी आणि ओशाँ यांची नावं थोडी वाकवून ठेवलेली. गॅस अॅनालायझर, स्पार्क प्लग, कारची बॅटरी हे सगळं ओलीच्या उंच फडताळांमध्ये हुडकायचं. अंधार, लांबच लांब सरळ गल्ल्या, आणि त्यात किला नावाचा चिलखती गुंड फिरतो. मी तिथे फडताळाच्या खालच्या कप्प्यात डोकं घालून दोनदा मेलो आहे. मित्राबरोबर गेलात तर एकाने शोधायचं, दुसऱ्याने गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं. त्याला त्याच रेडमध्ये सापडलेला डबा त्याने खाली टाकून तुम्हाला दिला तरी तुम्ही बाहेर पडल्यावर खूण लागते. तेव्हा आधी कुणाचं काम पूर्ण करायचं हे उतरण्यापूर्वीच ठरवावं. हा वाद मॉलच्या मध्यावर घालू नये.

दुसऱ्या जातीची कामं प्रापोरची. प्रापोर म्हणजे रशियन सैन्यातल्या वॉरंट अधिकाऱ्याला बोलीत म्हणतात ते. हा कोठारं सांभाळणारा. त्याच्या ‘चेकिंग’ या कामात कस्टम्सवरच्या एका टँकरमधून काशाचं खिशातलं घड्याळ आणायचं. ही वस्तू बाजारात नाही, पेटीत नाही, जागा एकच, आणि ती फक्त ज्याला हे काम मिळालंय त्यालाच दिसते. ती पिशवीतली चौकटही खात नाही. मात्र मेलात तर गेली, पुन्हा तिथेच जाऊन घ्यायची. टँकरला कुलूप असतं आणि त्याची किल्ली आधी शोधावी लागते. गंमत अशी की घड्याळासाठी जाणारा प्रत्येक जण त्याच एका दारापाशी येतो, हे जुन्या खेळाडूंना माहीत असतं. त्यामुळे घड्याळ उचलल्यावर आल्या वाटेने परतू नये.

‘स्कॅव्ह’ म्हणून उतरण्याची सोयही खेळात आहे, आणि गोळा करण्याच्या कामांना ती फार उपयोगी पडते. ठरावीक वेळाने एकदा तुम्हाला लुटारूच्या वेषात, कुणाची तरी जुनी बंदूक घेऊन, आधीच चालू असलेल्या रेडमध्ये जाता येतं. तुमचं स्वतःचं काही पणाला लागत नाही, यंत्राने चालवलेले इतर स्कॅव्ह तुम्ही कुरापत काढली नाही तर गोळी घालत नाहीत, आणि सापडलेली सालेवा घेऊन बाहेर आलात तर तिला खूण लागते. प्रापोरचं घड्याळ मात्र या वेषात हाती लागत नाही. माझी दुसरी सालेवा अशीच आली: रेड संपायला आठेक मिनिटं असताना, सगळे मोठे लढवय्ये एकमेकांना मारून किंवा निघून गेल्यावर, एका पडक्या खोलीतल्या न उघडलेल्या पिशवीतून. उशिरा आलेल्याला उष्टं मिळतं म्हणतात. टार्कोव्हमध्ये कधी कधी अख्खं ताट राहिलेलं असतं.

गर्दीचंही सांगायला हवं. बीटाच्या काळात साधारण सहा महिन्यांनी ‘वाइप’ व्हायचा, सगळ्यांचं सगळं शून्यावर यायचं. त्या पहिल्या आठवड्यात हजारो लोक एकाच वेळी त्याच तीन सालेवांच्या मागे. एरवी कुणी ढुंकून न पाहणारी औषधाची पिशवी तेव्हा रक्त सांडण्याजोगी होते. दहा दिवस उशिरा सुरू करणाऱ्याला तीच पिशवी निवांत मिळते, पण तोवर समोरच्यांकडे चांगल्या बंदुका आलेल्या असतात. मी दोन्ही करून पाहिलं. गर्दी बरी, सगळेच सारखे कंगाल असतात.

तिसरी सालेवा मला शोधताना मिळालीच नाही. मी जंगलाच्या नकाशावर दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, एका मेलेल्या स्कॅव्हच्या पाठपिशवीत ती होती. तोवर मी एक सवय लावून घेतली होती, ती इथे सांगून टाकतो. रेडला जाताना स्वतःची मलमपट्टी आणि साधं औषध डबीत न्यायचं, म्हणजे जखम झाली की सापडलेली सालेवा फोडायचा मोह होत नाही. आणि जी वस्तू आज नको आहे पण पुढे कुणीतरी मागणार आहे, ती खुणेसकट स्टॅशमध्ये, म्हणजे आपल्या कोठीत ठेवून द्यायची. पुढे चार मॉर्फिन लागतात. ‘कार रिपेअर’ नावाच्या कामाला आठ स्पार्क प्लग आणि चार बॅटऱ्या. प्लग एका चौकटीचा, बॅटरी सहा चौकटींची आणि शिवाय दगडासारखी जड. पहिले उचलत राहायचे, दुसरी समोर पडली तर पाठपिशवीतलं बाकी सामान खाली ओतून न्यायची.

त्यामुळे माझ्या कोठीत आता तोफगोळ्याइतकी जागा खाणाऱ्या दोन बॅटऱ्या, सहा प्लग, तीन फ्लॅश ड्राइव्ह आणि कसल्याशा मांसाचे डबे आहेत, नवी बंदूक ठेवायला जागा नाही. आईने एकदा ते चौकटींचं कपाट पडद्यावर पाहिलं. तिच्या गादीखाली घडी घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा असतो, आणि फडताळात श्रीखंडाचे रिकामे डबे. “विकू नकोस हं,” ती म्हणाली, “लागतात.”