फुप्फुसातील प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते

नोकरीत रुजू होताना, एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी अथवा आरोग्य शिबिरात छातीचे क्ष-किरण चित्र काढले जाते आणि फुप्फुसात एक वाटोळी, रेखीव कडांची सावली आढळते. त्या व्यक्तीस खोकला नसतो, तापही नसतो. तरीही सारे घर काळजीत पडते. कोणी क्षयाची शंका काढतो, तर कोणी कर्करोगाची. या दोन्ही शंकांचे निरसन तातडीने व्हावयास हवे, यात संशय नाही. परंतु अशा सावलीमागे अन्य कारणेही असू शकतात. 'स्क्लेरोसिंग न्यूमोसायटोमा' हे दुर्मिळ व बहुधा सौम्य अर्बुद त्यांपैकीच एक होय.

नावामागील इतिहास

या अर्बुदाचे वर्णन 1956 साली लिबॉव व हबेल या संशोधकांनी केले. गाठीत रक्ताने भरलेल्या पोकळ्या आणि कठीण तंतुमय भाग दिसत असल्याने ती रक्तवाहिन्यांपासून उद्भवत असावी, असा त्या वेळी समज झाला व तिला 'स्क्लेरोसिंग हिमँजिओमा' असे नाव मिळाले. पुढील संशोधनात मात्र तिचे मूळ रक्तवाहिन्यांत नसून फुप्फुसातील वायुकोशांच्या अस्तराशी संबंधित पेशींत असल्याचे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 सालच्या वर्गीकरणात सध्याचे नाव स्वीकारण्यात आले.

हे अर्बुद प्रामुख्याने मध्यमवयीन स्त्रियांत आढळते. पूर्व आशियाई देशांत त्याचे प्रमाण तुलनेने अधिक आहे. बहुसंख्य रुग्णांत कोणतीही लक्षणे नसतात; काहींना खोकला, छातीत दुखणे किंवा थुंकीतून रक्त पडणे असा त्रास होतो.

निदानातील अडचणी

सी. टी. स्कॅनमध्ये ही गाठ सहसा एकटी, गोलसर व स्पष्ट कडांची दिसते. तथापि, केवळ चित्रावरून खात्री देता येत नाही. कर्करोगाच्या शोधासाठी वापरल्या जाणाऱ्या पेट स्कॅनमध्येही ती कधी कधी उजळून दिसते व संशय बळावतो.

सुईने काढलेला तुकडाही फसवा ठरू शकतो. या गाठीची रचना चार प्रकारची असते: अंकुरांसारखी, भरीव, तंतुमय आणि रक्तस्रावयुक्त. लहानशा तुकड्यात यांपैकी एकच प्रकार आला, तर त्याचे कर्करोगाशी साम्य भासते. शस्त्रक्रिया चालू असताना घाईने केलेल्या तपासणीतही अशी गल्लत झाल्याची उदाहरणे आहेत. पृष्ठभागावरील घनाकार पेशी आणि आतील गोल पेशी, अशा दोन्ही जाती ओळखून विशेष रंजक प्रक्रियांनी त्यांची ओळख पटविली म्हणजेच निदान निश्चित होते.

उपचार

शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकणे हा मुख्य उपचार आहे. गाठ लहान व फुप्फुसाच्या कडेला असेल, तर तेवढाच भाग काढून भागते. ती खोल असल्यास फुप्फुसाचा एक खंड काढावा लागतो. क्वचित प्रसंगी या अर्बुदाच्या पेशी जवळच्या लसिका ग्रंथींत आढळतात, परंतु अशा रुग्णांचे भवितव्यही सहसा चांगलेच असते. गाठ पूर्णपणे काढल्यानंतर कर्करोगावरील औषधे किंवा किरणोपचार यांची सामान्यतः गरज भासत नाही. म्हणूनच अचूक निदानाचे मोल मोठे आहे: चुकीच्या निदानामुळे रुग्णाचे निरोगी फुप्फुस अकारण गमावले जाऊ शकते, तर दुर्लक्षामुळे खरा कर्करोग वाढीस लागू शकतो.

गावपातळीवर काय करता येईल?

क्षयरोग आपल्याकडे आजही मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यामुळे सावली दिसताच थुंकीची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. शासकीय आरोग्य केंद्रांत ती विनामूल्य होते. मात्र तपासणीवाचून, केवळ सावलीवर विसंबून, कोणीही क्षयाची औषधे सुरू करू नयेत. थुंकीत जंतू न आढळल्यास आणि सावली कायम राहिल्यास रुग्णाने जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात छातीच्या विकारांच्या तज्ज्ञाकडे जावे.

शिक्षक व पंचायत सदस्य यांनी गावकऱ्यांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी. छातीची जुनी क्ष-किरण चित्रे फेकून देऊ नयेत. गाठ किती वर्षांपासून आहे आणि ती कोणत्या वेगाने वाढत आहे, हे जुन्या व नव्या चित्रांच्या तुलनेवरून डॉक्टरांना कळते आणि पुढील तपासणीची दिशा ठरविणे सोपे जाते.