साखळी : खाण, ट्रक आणि पदवीची तीन वर्षे

गोव्यात डिचोलीहून सत्तरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाळवंटी नदीच्या काठी साखळी वसली आहे. सत्तरीच्या राणे घराण्याचे गाव म्हणून इतिहासात तिचे नाव येते. लगतच्या कारापुरात विठ्ठलाचे देऊळ आहे आणि जवळच हरवळ्याला धबधबा, रुद्रेश्वर व कातळात कोरलेली लेणी आहेत. पर्यटक बहुधा एवढे पाहून परततो. गावाच्या घरगुती अर्थकारणाला मात्र अनेक दशके आकार दिला तो भोवतालच्या डोंगरांतल्या लोहखनिजाने. माल ट्रकांतून आमोण्यासारख्या धक्क्यांवर यायचा, तिथून बार्जमधून मांडवीच्या पात्राने मुरगाव बंदराकडे जायचा. याच साखळीत १९८८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. डिचोली-सत्तरीच्या मुलांना पदवीसाठी पणजी-म्हापशाची बस धरावी लागू नये म्हणून ते इथे आले. खाण आणि महाविद्यालय इतके जवळ असलेल्या गावात बारावी झालेला मुलगा पुढे काय निवडतो, हा प्रश्न म्हणूनच साखळीच्या परिचयात आला पाहिजे.

खाणीचे काम कसे चालते हे पाहिल्याशिवाय या निवडीचा उलगडा होत नाही. गोव्यातल्या लोहखाणी उघड्या आहेत. वरची माती आणि निरुपयोगी दगड बाजूला काढल्याशिवाय खनिज हाती लागत नाही, आणि एक टन खनिजामागे असा अडीच-तीन टन माल हलवावा लागतो. म्हणजे हा धंदा मुख्यतः वाहतुकीचा. भूगर्भतज्ज्ञ आणि अभियंते मोजके लागतात. ट्रकचालक, खोदाई यंत्र चालवणारे, मेकॅनिक, टायरवाले शेकड्यांनी लागतात. खाण तेजीत आली की शिकलेल्या माणसाची मागणी वाढते असे आपण सहज गृहीत धरतो, पण इथे मागणी वाढली ती स्टिअरिंगवरच्या हाताची.

तेजीही साधी नव्हती. गोव्याचे खनिज कमी प्रतीचे, देशी पोलाद कारखान्यांना फारसे नको असलेले. ते जपानला जाई. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनने वाटेल तो माल उचलायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या ढिगाऱ्यांनाही भाव आला. दोन कोटी टनांच्या आसपासची वार्षिक निर्यात २०१०-११ पर्यंत पाच कोटींच्या घरात पोचली. २०११च्या आरंभी जागतिक बाजारात टनाला १८० डॉलरच्या वर भाव होता. गावोगाव कर्जावर ट्रक उभे राहिले. आता मोटार वाहन कायदा पाहा. माल वाहणारे वाहन चालवायला वयाची वीस वर्षे पूर्ण हवीत, आणि त्याआधी निदान वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना हवा, जो अठराव्या वर्षी मिळतो. बारावीचा निकालही त्याच सुमारास लागतो आणि पदवीची तीन वर्षे सुरू होतात. ट्रकची तयारी आणि पदवी, दोन्ही आयुष्याच्या नेमक्या त्याच तुकड्यावर हक्क सांगतात. फी तेजीत आणि मंदीत तीच असली तरी तेजीच्या काळात महाविद्यालय महाग होते, कारण तिथे घालवलेल्या वेळेची किंमत वाढलेली असते. ट्रकच्या खेपांवर रोज पैसे मिळत असताना बाकावर बसणे ही घरातल्या हिशेबाची बाब होते. मुलाच्या बुद्धीचा किंवा आळसाचा तिच्याशी संबंध नाही. मुलींना चालकाच्या जागा मिळतच नव्हत्या, म्हणून त्यांच्यापुढचा हा हिशेब बदलला नाही.

हे फक्त गोव्यात घडत नाही. डॅन ब्लॅक, टेरा मॅककिनिश आणि सेठ सँडर्स या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कोळसापट्ट्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. केंटकी आणि पेनसिल्व्हेनियात १९७०च्या दशकात कोळसा तेजीत आला तेव्हा माध्यमिक शाळेतली पटसंख्या घसरली, आणि १९८०च्या दशकात मंदी आल्यावर ती पुन्हा वाढली. पुढे एलिझाबेथ कॅसिओ आणि आयुषी नारायण यांनी खडक फोडून तेल-वायू काढण्याच्या नव्या तंत्राचा काळ तपासला. तिथेही शाळा सोडणाऱ्यांत मुलग्यांचेच प्रमाण वाढलेले दिसले. पट्टा कोळशाचा असो की तेलाचा, कमी शिक्षणावर चांगली मजुरी मिळू लागली की वर्गातला मुलगा बाहेर पडतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप कॅनडातून येतो. हर्बर्ट एमरी, आना फेरर आणि डेव्हिड ग्रीन यांनी आल्बर्टा प्रांतातल्या १९७३ ते १९८१च्या तेलतेजीतली पिढी तपासली. त्या तरुणांनी शिक्षण पुढे ढकलले, पण पुष्कळ जण नंतर परतले, आणि अखेर त्या पिढीचे एकूण शिक्षण कमी राहिले नाही. मग तेजीला दोष कशाला? हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. त्यानेच माझा मुद्दा पक्का होतो. शिक्षण लांबणे म्हणजे ते बुडणे नव्हे, पण परतायला वाट हवी आणि हातात चार पैसे हवेत. गोव्यातल्या तेजीचा शेवट मात्र एका फटक्यात झाला. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेवर परवानगी मिळाली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा सगळे थांबले. ट्रक अंगणात, हप्ता चालू. कर्जात अडकलेल्यांसाठी सरकारला स्वतंत्र सवलत योजना आणावी लागली. डोक्यावर कर्ज असलेला पंचविशीतला माणूस सकाळी दहाच्या वर्गात प्रथम वर्षाला बसेल, ही अपेक्षाच अवास्तव होती.

दुसरा आक्षेप साखळीच्या कोणत्याही घरात ऐकू येईल : पदवी घेऊन तरी नोकरी कुठे आहे? प्रश्न खरा आहे. ज्याने ट्रक घेतला त्याने पाच-सहा वर्षे पदवीधराहून जास्त कमावले असेल, आणि त्या कमाईतून धाकट्यांच्या फीही भरल्या गेल्या असतील. पण पदवी माणसाबरोबर पुण्याला, मुंबईला, आखातात जाते. खनिजाच्या वाहतुकीसाठी घेतलेला ट्रक खाणीशीच बांधलेला राहतो. २०१५च्या अखेरीस भाव टनाला ४० डॉलरच्या खाली गेला. खाणी पूर्ण जोरात चालू असत्या तरी त्या भावाने खेपा घटल्याच असत्या.

हे सारे आता पुन्हा लिहायचे कारण म्हणजे खाणी परतत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोली, शिरगाव-मये या खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम सुरू झाले. मुलांना खाणीवर जाऊ नका असे सांगणे व्यर्थ आहे, आणि ते न्याय्यही नाही. परतीची वाट आधी बांधणे हेच करण्याजोगे काम आहे. पैसा नाही ही सबब इथे टिकत नाही. २०१५च्या कायदादुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज निधीच्या अग्रक्रमात शिक्षण आहे, आणि २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजविक्रीतला दहा टक्के वाटा पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवायला सांगितले आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने मध्येच थांबून पुन्हा शिकण्याची आणि मिळवलेले श्रेयांक जपून ठेवण्याची सोयही कागदावर केली आहे. खनिज निधीतून साखळीच्या महाविद्यालयात संध्याकाळचे पदवीवर्ग सुरू करा, त्यांना वयाची अट ठेवू नका, आणि ट्रक पुन्हा गावोगाव उभे राहण्याआधी, याच शैक्षणिक वर्षापासून, त्यांचे प्रवेश उघडा.