विश्लेषण : कृष्णविवराचा आलेख ‘ईसीजी’सारखा का दिसतो?

कृष्णविवरातून प्रकाशही बाहेर पडत नाही, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण गरुड तारकासमूहातील (श्रवण नक्षत्र याच भागात आहे) एका कृष्णविवराच्या क्ष-किरणांचा आलेख पाहिला की चक्रावून जायला होते. साधारण दर ५० सेकंदांनी एक उसळी, मग घसरण, पुन्हा उसळी. हुबेहूब हृदयाचे ठोके. शास्त्रज्ञांनीही या प्रकाराला ‘हार्टबीट’ असेच नाव दिले आहे.

हे कृष्णविवर कोणते?

त्याचे नाव जीआरएस १९१५+१०५. ‘ग्रॅनॅट’ या उपग्रहावरील उपकरणाने १९९२ मध्ये ते टिपले. नावातील आकडे म्हणजे त्याचा आकाशातला पत्ता. पृथ्वीपासून अंतर सुमारे २८ हजार प्रकाशवर्षे, वस्तुमान सूर्याच्या साधारण १२ पट. सोबत एक तारा आहे आणि दोघे सुमारे ३४ दिवसांत एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात. या ताऱ्याचा वायू कृष्णविवर ओढून घेते. मात्र तो थेट आत पडत नाही. गोल गोल फिरत त्याची चकती तयार होते, आतल्या कडेला घर्षणाने तो कोटी अंशांच्या घरात तापतो आणि क्ष-किरण फेकू लागतो. म्हणजे आपल्याला दिसते ते विवर नव्हे, गिळले जाण्याआधीची गडबड दिसते.

मग ठोके कशामुळे?

घरातला प्रेशर कुकर आठवा. वाफ साठते, शिट्टी उचलली जाते, दाब उतरतो, पुन्हा साठू लागतो. इथे वाफेच्या जागी खुद्द प्रकाशाचा दाब आहे. चकतीच्या आतल्या भागात वायू साठत गेला की तापमान वाढते, प्रकाशाचा बाहेर ढकलणारा दाब वाढतो आणि एका टप्प्यावर तो भाग अस्थिर होतो. मग साठलेला माल झपाट्याने रिकामा होतो. काही आत जातो, काही वाऱ्यासारखा बाहेर उधळला जातो. बाहेरून नवा वायू येत राहतो आणि चक्र पुन्हा सुरू. फरक इतकाच की कुकरची शिट्टी कधी उडणार हे तिच्या वजनावर ठरते. इथे आत येणाऱ्या वायूचा ओघ बदलला की ठोक्याची लय बदलते.

आणि ती खूप बदलते. टोमासो बेलोनी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये या एकाच कृष्णविवराच्या चढउतारांचे १२ प्रकार वेगळे काढले होते!

या चढउतारांचा उपयोग काय?

इतक्या दूरची चकती दुर्बिणीतून वेगळी दिसणे अशक्य. त्यामुळे घड्याळ हीच मोजपट्टी. प्रकाश एका मिलिसेकंदात ३०० किलोमीटर जातो. या स्रोतात सेकंदाला सुमारे ६७ वेळा होणारी लुकलुकही सापडली आहे, म्हणजे एक आवर्तन १५ मिलिसेकंदांचे. एवढ्या झटपट बदलणारी जागा काही हजार किलोमीटरपेक्षा मोठी असू शकत नाही. विवराची सीमा मध्यापासून ४० किलोमीटरच्याही आत आहे, हे लक्षात घेतले की आपण किती जवळून ‘ऐकतो’ आहोत ते कळते. ही लुकलुक नेमकी कशाने होते, यावर मात्र अद्याप एकमत नाही.

मुंबईचा संबंध कुठे?

क्ष-किरण वातावरणात अडतात, त्यामुळे निरीक्षण अवकाशातूनच करावे लागते. २८ सप्टेंबर २०१५ रोजी झेपावलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’वरील ‘लॅक्सपीसी’ हे उपकरण कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झाले. झेनॉन वायूने भरलेले तीन डबे आणि प्रत्येक क्ष-किरणाची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत टिपण्याची क्षमता, असे त्याचे स्वरूप. त्यातील एका डब्यातून वायू गळू लागला आणि २०१८ मध्ये तो बंद करावा लागला. तरीही ६७च्या आसपासची ती लुकलुक ॲस्ट्रोसॅटनेही टिपली.

सध्या काय स्थिती?

२०१८ मध्ये हा स्रोत मंदावला, २०१९ मध्ये आणखी फिका पडला. खुराक संपला, असा अंदाज बांधणे सोपे होते. पण रेडिओ दुर्बिणींना त्याच काळात जोरदार उद्रेक दिसत होते. गिळणे थांबले असते तर हे घडले नसते. दाट वायूचा पडदा मध्ये आला असून क्ष-किरण त्यात अडकत आहेत, असा निष्कर्ष निघाला. पडद्याआड ठोके कोणत्या लयीत चालू आहेत, हे तूर्त मोजणे अवघड झाले आहे.