मेक्सिकन खाणावळीतील मक्याची भाकरी

मका हे पीक आमच्या शेतकरी बंधूंस नवे नाही. परंतु ज्यांचे मुख्य अन्नच मका आहे ते लोक तो कसा खातात, याची माहिती आपल्याकडे फार थोड्यांस असते. आपण कोवळी कणसे भाजून खातो, हौसेने लाह्या फोडतो, आणि बाकीचा बहुतेक दाणा कोंबड्यांच्या खाद्याकडे व स्टार्चच्या कारखान्यांकडे रवाना करतो. मेक्सिको देशात मक्याचे स्थान आपल्या ज्वारी, बाजरी व तांदूळ या तिन्हींच्या जागी एकट्याचे आहे. तेथील साध्या खाणावळीत पानात काय पडते, आणि ते पिकविणाऱ्यावर अलीकडे कोणते प्रसंग आले, ही हकीकत वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

अशा खाणावळीस ‘ताकेरिया’ म्हणतात. मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेल्या लोकांबरोबर त्या तिकडेही गेल्या. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मिशन नावाच्या पेठेत त्या पुष्कळ आहेत, व त्यांपैकी एकीत आम्ही दोन वेळ जेवलो. थाटमाट काही नाही. फळ्यावर पदार्थांची यादी, समोर तापलेला मोठा तवा, मागणी सांगून पैसे द्यावयाचे, आणि आपला आकडा पुकारला की ताटली स्वतः उचलून आणावयाची. ‘ताको’ म्हणजे तळहाताहून किंचित मोठी मक्याची मऊ भाकरी. तिच्यावर भाजलेले मांस किंवा शिजविलेला घेवडा, वर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, आणि लिंबाची फोड. या भाकरीस ते ‘तोर्तिया’ म्हणतात. रसाने ती फाटू नये म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन भाकऱ्या एकावर एक देतात. ती हाताने दुमडून, मान जराशी तिरपी करून खावयाची; काटा-चमचा मागणारा इसम नवखा समजावा.

या ताटलीत देवघेवीचा मोठा इतिहास भरला आहे. मका, मिरची, टोमॅटो व घेवडा ही त्या खंडाची पिके. ती पोर्तुगीज व इतर दर्यावर्दी लोकांच्या हातून आपल्याकडे आली. उलट कांदा, कोथिंबीर, लिंबू व भात ही जुन्या जगातून तिकडे गेली. हिरवी चटणी ज्या आंबट फळाची करतात ते आपल्या बांधावरील चिरबोटीच्या कुळातील आहे. फळाभोवती तसेच कागदासारखे वेष्टन असते. उभ्या सळईवर थर लावून भाजलेले डुकराचे मांस तर लेबनॉनहून तेथे जाऊन वसलेल्या लोकांच्या शावर्म्यावरून निघाले. त्या लोकांनी आणलेली सळई कायम राहिली, मांस मात्र बदलले.

‘बुरितो’ हा दुसरा प्रसिद्ध पदार्थ गव्हाचा आहे. गहू स्पॅनिश लोकांनी नेला व तो उत्तरेकडील सोनोरा वगैरे कोरड्या मुलखात चांगला रुजला; म्हणून तिकडे आपल्या चपातीच्या जवळची गव्हाची तोर्तिया होते. तिच्यात सारण घालून वळकटी करतात. मिशन पेठेत या वळकटीत भात, घेवडा, मांस व चटणी असे सर्वच कोंबून ती चकचकीत कागदात गुंडाळून देतात. हा प्रकार इ. स. १९६१ मध्ये आपण प्रथम विकला असे एल फारो नावाचे दुकान सांगते, आणि ला कुंब्रे नावाचे दुसरे दुकान तो मान आपल्याकडे घेते. या वादात आम्ही पडत नाही. बुरितोने पोट भरते खरे, परंतु भाकरीचीच चव पाहावयाची तर ताकोकडे वळावे असे आमचे मत झाले. शाकाहारी वाचकांस एक सूचना: गव्हाच्या तोर्तियेत व शिजविलेल्या घेवड्यात पुष्कळदा डुकराची चरबी असते, विचारल्यावाचून खाऊ नये.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडा फुटतात, हा अनुभव कोणत्याही गृहिणीस आहे. तोर्तिया मात्र दुमडली तरी मोडत नाही. याचे कारण चुना. कोरडा दाणा चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर तसाच मुरत ठेवतात, सकाळी धुऊन त्याचे साल काढतात, व ओलाच दगडावर वाटतात. अशा दाण्यास ‘निश्तमाल’ असे जुन्या नाहुआत्ल भाषेतील नाव आहे, आणि त्या शब्दात राखेचा अर्थ दडलेला आहे. कारण चुन्याप्रमाणे लाकडाच्या राखेनेही हेच काम होते. क्षारामुळे साल सुटते, दाण्यास चिकटपणा येतो, अन्नात चुन्याचा अंश वाढतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मक्यात बद्ध असलेले नायसिन नामक जीवनसत्त्व मोकळे होऊन शरीरास मिळते.

या शेवटच्या गुणाची किंमत जगाने फार दुःख सोसून जाणली. मका युरोपात गेला, परंतु चुन्याची क्रिया बरोबर गेली नाही. परिणाम असा की, जेथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर आले तेथे पेलाग्रा हा रोग उद्भवला. कातडी काळवंडून सोलणे, अतिसार, आणि शेवटी बुद्धिभ्रंश. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने इ. स. १७३५ मध्ये त्याची नोंद केली. पुढे इटलीत व अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने अनेक बळी घेतले. हा रोग संसर्गाचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी इ. स. १९१४ नंतरच्या प्रयोगांनी दाखविले, व इ. स. १९३७ मध्ये एल्व्हेजेम यांनी त्यावरील द्रव्य ओळखले. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांतही हा रोग आढळे. हैदराबाद येथे डॉ. गोपालन यांनी इ. स. १९६० च्या सुमारास त्याचा पुष्कळ शोध केला. मेक्सिकोतील शेतकरी या संकटातून बहुतांशी वाचले. चुना हे त्याचे एक कारण. दुसरे असे की ते मका एकटा पेरीत नाहीत. त्यांच्या ‘मिल्पा’ शेतात मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो व खाली भोपळा पसरतो, आणि तेच तिन्ही जिन्नस ताटात येतात. ज्वारीत तूर घेणाऱ्या आमच्या वाचकांस यातील मर्म समजावून सांगावयास नको.

आम्ही जेथे जेवलो तेथील मालकास मका कोठला म्हणून विचारले. त्याने हसून तयार पिठाचे पोते दाखविले. चुन्यात शिजवून वाळवून दळलेले हे पीठ मोठ्या कारखान्यांत होते. मेक्सिकोतील ग्रूमा ही कंपनी इ. स. १९४९ पासून या धंद्यात आहे. पाणी घातले की गोळा तयार. खाणावळवाल्याची रात्रीची मेहनत वाचते, त्यास दोष कसा द्यावा? परंतु निळा, तांबडा, पांढरा असा गावोगावचा निराळा मका पोत्यात शिरला की एकाच भावाचा होतो, हेही खरे.

शेतकऱ्यावर दुसरा घाव व्यापारी कराराने पडला. ता. १ जानेवारी १९९४ पासून अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यातील करार अमलात आला, आणि इ. स. २००८ पर्यंत मक्यावरील जकात टप्प्याटप्प्याने नाहीशी झाली. येणारा बहुतेक मका पिवळा, जनावरांच्या खाद्याचा होता. तरी स्वस्त आयातीने लहान शेतकऱ्याचे भाव खाली ओढले गेले. मग इ. स. २००७ च्या आरंभी उलटेच घडले. अमेरिकेत मक्यापासून इथेनॉल करण्याची घाई उडाली, मका महागला, तोर्तियेचे दर भडकले, आणि मेक्सिको शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. सरकारला गिरणीवाल्यांशी किलोस साडेआठ पेसोंची मर्यादा ठरवून घ्यावी लागली. जनुक बदललेल्या मक्याचा वादही असाच पेटला. तोर्तियेसाठी त्याचा वापर मेक्सिकोने फेब्रुवारी १९२३ मध्ये नव्हे, तर अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद केला. डिसेंबर २०२४ मध्ये व्यापारी लवादाचा निकाल विरुद्ध गेला. तेव्हा मार्च २०२५ मध्ये असा मका पेरण्यास बंदी करणारे कलम त्या देशाने थेट राज्यघटनेत घातले. आपल्याकडेही इ. स. २०२४ मध्ये इथेनॉलसाठी मक्यास मागणी येऊन भाव चढले होते, व कुक्कुटपालक तक्रार करीत होते. मका विकणारा शेतकरी तेव्हा संतुष्ट होता, आणि ते योग्यच होते. फक्त मेक्सिकोत दोन्ही बाजूंचे दिवस एकाच पिढीने पाहिले, एवढे त्याने ध्यानात ठेवावे.

ज्यांस घरी प्रयोग करावयाचा असेल त्यांनी एक किलो वाळलेला मका घ्यावा. बियाण्यासाठी औषध चोळलेला दाणा चुकूनही घेऊ नये. तीन लिटर पाण्यात खाण्याचा स्वच्छ चुना दहा ग्रॅम कालवून त्यात मका मंद आचेवर पाऊण ते एक तास शिजवावा. भांडे स्टीलचे असावे, ॲल्युमिनियमचे नको. साल बोटांनी सुटू लागली की उतरून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी चोळून तीन-चार पाण्यांनी धुवावे, आणि पाट्यावर किंवा ओल्या वाटण यंत्रात अगदी थोडे पाणी घालून वाटावे. पीठ मऊ मातीसारखे लागले पाहिजे. लिंबाएवढ्या गोळ्या दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये दाबून तापल्या तव्यावर टाकाव्या. कडा सुटताच पहिली उलट, दुसरी बाजू थोडी अधिक भाजून पुन्हा उलट. पीठ बरोबर जमले असेल तर या वेळी भाकरी फुग्यासारखी फुगते. काढून ताबडतोब फडक्यात गुंडाळावी.