दोन हजारांचं गणित

शाळा केवढी बांधायची हे कशावरून ठरतं? जागा, पैसा, आसपासची वस्ती. लंडनच्या आग्नेय भागात किडब्रुक इथे १९५४ मध्ये मुलींची एक सरकारी शाळा सुरू झाली. सुमारे दोन हजार मुलींसाठी मुद्दाम बांधलेली. तिचा आकार ठरला तो मात्र अकरावी-बारावीवरून, म्हणजे जिथे सगळ्यात कमी मुली बसणार होत्या त्या वर्गांवरून! हे वाचलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

१९४४ च्या बटलर कायद्याने इंग्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केलं. पण मूल अकरा वर्षांचं झालं की परीक्षा, ‘इलेव्हन प्लस’. साधारण पाचातलं एक मूल ग्रामर स्कूलला जाई, उरलेली बहुतेक ‘सेकंडरी मॉडर्न’ला. आपल्याकडे ‘अ’ आणि ‘ड’ तुकडी मधल्या सुट्टीत निदान एका नळावर पाणी पितात. तिथे त्यांच्या शाळाच वेगळ्या. लंडन काउंटी कौन्सिलने १९४७ च्या आराखड्यात ठरवलं, सगळ्यांना एकाच छपराखाली घ्यायचं. अशा शाळेचं नाव काँप्रिहेन्सिव्ह.

आता गणित. पंधराव्या वर्षी शाळा सोडायची मुभा होती आणि बहुतेक मुलं सोडतच. ग्रामर स्कूलने दर वर्षी तीन तुकड्या, म्हणजे नव्वदेक निवडक मुलं घेतली, तर त्यातली बरीच पुढे टिकत आणि वरच्या वर्गांना भौतिकशास्त्राचा, लॅटिनचा शिक्षक ठेवणं परवडे. पण निवडच करायची नाही म्हटल्यावर तेवढी नव्वद मिळायला किती जणांना प्रवेश द्यायचा? पाचास एक धरलं तर साडेचारशे, म्हणजे पंधरा तुकड्या! नियोजकांनी दहा-अकरावर भागवलं. तरी वर्षाला तीनशेच्या वर, पाच वर्षांच्या दीड हजारांहून जास्त, त्यात वरचे वर्ग. आला आकडा दोन हजारांच्या घरात.

टीकाकार ‘कारखाना’ म्हणून नाकं मुरडत होते. म्हणोत बापडे. कारखान्यात कच्चा माल निवडून घेतात. इथे तर निवडीवरच फुली होती.

निदान कागदावर. शेजारचं एल्थम हिल हे मुलींचं ग्रामर स्कूल किडब्रुकमध्ये विलीन करायचा कौन्सिलचा बेत होता. पालक खवळले. हुजूर पक्षाच्या शिक्षणमंत्री फ्लॉरेन्स हॉर्सब्रा यांनी ते ग्रामर स्कूल बंद करायला परवानगी नाकारली. म्हणजे गणितातली ‘हुशार’ नव्वद गृहीत धरून इमारत उभी राहिली, आणि त्यातल्या कितीतरी जणी त्या ग्रामर स्कूलला जायला मोकळ्याच राहिल्या. गंमत अशी की मंत्री बाई, किडब्रुकच्या मुख्याध्यापिका मेरी ग्रीन याही बाई, आणि भांडण मुलींच्या शाळेचं. १९५४ च्या ब्रिटनमध्ये हे रोजचं दृश्य नव्हतं.

पण मला खरं आश्चर्य वाटतं ते पुढच्या दहा वर्षांचं. मुलं आपणहून जास्त काळ शाळेत थांबू लागली. नव्वद ‘हुशार’ शोधायची गरज हळूहळू उरलीच नाही, कारण इतरही थांबत होती. १९६५ मध्ये सरकारने स्थानिक मंडळांना काँप्रिहेन्सिव्हकडे वळा असं सुचवणारं ‘१०/६५’ क्रमांकाचं परिपत्रक काढलं, त्यात सरळ म्हटलं की सहा-सात तुकड्यांची शाळाही पुरेल. ज्या हिशेबावर दोन हजारांची इमारत उभी राहिली, तो अकरा वर्षांत जुना झाला. इमारत अर्थात तिथेच.

किडब्रुकला पुढे मुलगेही आले. आणि २००५ मध्ये शाळा साऱ्या ब्रिटनच्या तोंडी झाली ती वेगळ्याच कारणाने. जेमी ऑलिव्हर हा टीव्हीवरचा प्रसिद्ध स्वयंपाकी तिच्या स्वयंपाकघरात शिरला आणि लोकांना कळलं की मुलाच्या एका जेवणाच्या सामानावर ३७ पेन्स खर्च होतात. त्याने तयार, गोठवलेले पदार्थ हटवून ताजं रांधायचं ठरवलं, तर मुलांनीच आधी ताटं परत केली.