भिंतीवरचा शेतकरी आणि पडद्यावरचा शेतकरी

मोरगावच्या मयूरेश्वराकडे जाणारा रस्ता बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यातून जातो. ज्वारी, बाजरी, कांदा, आणि सगळी भिस्त पावसावर. अशा रस्त्यांच्या कडेला बियाणं, खतं, पाइप, सिमेंट यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात, आणि त्यांतला शेतकरी मात्र कायम बागायतदार. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्याला फेटा, मागे कमरेइतकं पीक. त्याच्या टाचांना भेगा नसतात, खिशात सोसायटीची नोटीस नसते. टीव्हीवर तोच माणूस नव्या कोऱ्या ट्रॅक्टरवर बसून हसतो. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी खातं 1.34 हेक्टरचं आहे. एवढ्या रानासाठी ट्रॅक्टर भाड्याने सांगणंच बहुतेकांना परवडतं.

फेब्रुवारी 2025 मध्ये बारामतीचा ऊस उत्पादक जगभर दिसला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याच्याविषयीची चित्रफीत समाजमाध्यमावर टाकली आणि इलॉन मस्क यांनीही त्यावर प्रतिक्रिया दिली. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊस पिकवण्याचा प्रयोग केला आहे. जमिनीतला ओलावा, हवामान, उपग्रहाची छायाचित्रं यांची सांगड घालून पाणी कधी द्यायचं, खत किती टाकायचं हे शेतकऱ्याला मोबाइलवर कळतं. प्रयोग मोलाचाच आहे. पण ऊस वाढला म्हणून काम संपत नाही. तोड कधी येणार, टोळी कुठे अडकली, ऊस रानात वाळून वजन किती घटणार, ही काळजी पुढे उरतेच. तंत्रज्ञानाच्या कौतुकात तिला जागा मिळत नाही.

ही काळजी सापडते ती थट्टेत. त्याच बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वर गावात 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही यूट्यूबवरची मालिका घडली. त्यातले बाळासाहेब, रामभाऊ आज महाराष्ट्रभर ओळखीचे आहेत. गावचीच माणसं, गावचीच बोली, गावातलेच तंटे. शेतकरी इथे लबाडी करतो, फजीत होतो, भाऊबंदांशी भांडतो. हसणारा प्रेक्षकही बहुतेकदा तसल्याच गावचा असतो, म्हणून ते हसू बोचत नाही.

ही रीत तमाशाच्या बतावणीपासूनची. तिथला सोंगाड्या भोळेपणाचं सोंग घेऊन पाटलाला, सावकाराला उघडं पाडायचा. दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या' चित्रपटाने 1971 मध्ये तो भोळा गडी शहरातल्या थिएटरांत नेला. पुढे अनेक विनोदी कार्यक्रमांनी त्याचा वेश आणि हेल तेवढा उचलला, धार मागेच राहिली. नुसतं 'आवं' म्हटलं की हशा, असल्या विनोदात शेतकरी बावळट ठरतो आणि सावकार सुटतो. ही थट्टा जाहिरातीइतकीच खोटी आहे.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009) हा चित्रपट जाहिरात आणि असली थट्टा या दोहोंपासून दूर राहिला. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर त्यातली अलका आपल्या नवऱ्यावर पाळत ठेवते. त्याचं मन रमावं म्हणून गोडधोड करते, सासूला आणि पोराला त्याच्यामागे लावते. प्रसंग हसवतात, आणि हसताना घशात आवंढा येतो.

चित्राचा आणि माणसाचा संबंध किती तुटू शकतो, ते डिसेंबर 2020 मध्ये पंजाबात दिसलं. भाजपच्या पंजाब शाखेने नव्या कृषी कायद्यांच्या प्रचारासाठी एका हसऱ्या शेतकऱ्याचा फोटो वापरला. तो शेतकरी स्वतः त्याच कायद्यांच्या विरोधात दिल्लीच्या सिंघू सीमेवर बसलेला होता. त्याची परवानगी कुणी घेतलीच नव्हती.

'गाभ्रीचा पाऊस'मधल्या अलकासारखी बाई मात्र जाहिरातीत क्वचितच मध्यभागी येते. खुरपणी, कांदालागण, वेचणी तिच्याच हातची, पण फोटोत ती जेवणाची दुरडी डोक्यावर घेऊन बांधावर उभी. त्याचं कारण व्यवहारात आहे. 2015-16 च्या गणनेत देशातल्या खातेदारांपैकी जेमतेम 14 टक्के स्त्रिया होत्या. सातबारा ज्याच्या नावावर, कर्ज त्याला. कर्ज ज्याला, पंपाची आणि ठिबकाची खरेदी त्याची. कंपनी त्याच्याशीच बोलते.